मंगळावर भरलेली मेमरी

मंगळावरच्या गुसेव्ह विवरात उतरून ‘स्पिरिट’ला जेमतेम अडीच आठवडे झाले होते. ॲडिरॉन्डॅक नाव दिलेल्या एका दगडाची तपासणी चालू असतानाच, २१ जानेवारी २००४ रोजी, नासाच्या या बग्गीचा पृथ्वीशी संवाद तुटला. कारण कळले तेव्हा अभियंतेही चकित झाले असतील. तिच्या संगणकात फाइली फार झाल्या होत्या!

स्पिरिटकडे २५६ मेगाबाइट फ्लॅश मेमरी होती आणि १२८ मेगाबाइट रॅम. छायाचित्रे, मोजमापे फ्लॅशमध्ये साठत. संगणक सुरू होताना तिथल्या सगळ्या फाइलींची यादी रॅममध्ये उतरवून घेई, म्हणजे हवी ती फाइल चटकन सापडे. आपल्या संगणकातही वेगासाठी हीच युक्ती सर्रास वापरतात. पण पृथ्वी ते मंगळ या सात महिन्यांच्या प्रवासातल्या फाइलीही फ्लॅशमध्ये तशाच पडून होत्या, आणि फाइल पुसली तरी यादीने अडवलेली जागा मोकळी होत नसे. एक दिवस यादी रॅममध्ये मावेना. संगणक रीस्टार्ट झाला, सुरू होताच पुन्हा तीच यादी वाचू लागला, पुन्हा अडला, पुन्हा रीस्टार्ट. असे साठहून अधिक वेळा घडले. या फेऱ्यात बग्गीला रात्रीची झोपही मिळेना आणि बॅटरी उतरत चालली.

पॅसाडिनाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत २३ जानेवारीला अखेर थोडी माहिती पोचली, तीही आधी सेकंदाला १० बिट आणि मग १२० बिट अशा वेगाने. तेवढ्यावरून अभियंत्यांनी फ्लॅशवर संशय धरला. सुदैवाने, फ्लॅशला हात न लावता निव्वळ रॅमवर संगणक सुरू करण्याची आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये आधीच ठेवलेली होती. ती दूरदृष्टी मला या साऱ्या कहाणीत सर्वांत मोठी वाटते. आज्ञा गेली, बग्गी ताळ्यावर आली. मग नको त्या फाइली काढल्या आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला फ्लॅश फॉरमॅट केली. दरम्यान तिची जुळी बहीण ‘ऑपॉर्च्युनिटी’ मंगळाच्या दुसऱ्या बाजूला उतरलीही होती. एप्रिलमध्ये दोघींवर पृथ्वीवरूनच नवे सॉफ्टवेअर चढवले गेले.

भरलेल्या मेमरीचा हा धडा आपल्यालाही लागू आहे: मोबाइल ‘स्टोरेज फुल’ म्हणतो तेव्हा आपण सूचना बाजूला सारतो. तसे करू नका, विशेषतः अपडेटच्या आधी. कार्यप्रणालीला नव्या फाइली उतरवायला आणि उलगडायला मोकळी जागा लागतेच.

त्या संकटातून सावरलेल्या स्पिरिटची मोहीम मुळात ९० मंगळदिवसांसाठी आखली होती. तिचा शेवटचा संदेश २२ मार्च २०१० रोजी आला. ऑपॉर्च्युनिटीची फ्लॅश थकली तेव्हा, २०१४ च्या अखेरीस, तिलाही फ्लॅशविना चालवले गेले.