खर्जाची वाट (भाग ९) : कोमल गंधाराची जागा

गेल्या आठवड्यात मेजर स्केल हातात बसवलं. सगळे स्वर शुद्ध, म्हणजे आपला बिलावल थाट. आज त्यातले ग, ध आणि नी कोमल करायचे, की झालं नॅचरल मायनर. पेटीवर आसावरी थाट वाजवलेल्यांच्या कानाला हे ओळखीचंच आहे. नवं आहे ते बोटांना.

बेस मांडीवर घ्या. सगळ्यात जाड ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर तर्जनी ठेवा. हा ए, आजचा आपला सा. सातव्या फ्रेटवर अनामिका, तो रे. आठव्यावर करंगळी, तो कोमल ग. हात जागचा न हलवता शेजारच्या तारेवर या. पुन्हा पाच, सात, आठ : म, प, कोमल ध. तिसऱ्या तारेवर फक्त पाच आणि सात : कोमल नी आणि वरचा सा. मधल्या बोटाला यात काम नाही, पण ते ताठ उभं राहिलं तर करंगळी आखडते. त्याला तारेजवळच सैल सोडा. करंगळीनं तार दाबताना फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या अगदी मागे टेका. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर जोर जास्त लागतो आणि जाड तार खरखरते.

तारा एकमेकींशी षड्ज-मध्यमाच्या नात्यानं लावलेल्या असतात, म्हणून ही आकृती इतकी सरळ आहे. कुठलाही स्वर घ्या, शेजारच्या बारीक तारेवर त्याच फ्रेटला त्याचा मध्यम, दोन फ्रेट पुढे पंचम. पट्टी बदलायची तर नवं काही पाठ करावं लागत नाही. तर्जनी तिसऱ्या फ्रेटवर नेली की जी मायनर, आठव्यावर नेली की सी मायनर.

पण या सोयीपायीच नुकसान होतं. पाच-सात-आठ हे आकडे पाठ होतात, स्वर होत नाहीत. मी स्वतः सुरुवातीचे कितीतरी दिवस आकडेच घोटले, आणि गाण्यात कोमल गंधार आला तरी तो कानाला ओळखू येत नव्हता. तेव्हा कळकळीनं सांगतो, आधी गा. तानपुऱ्याच्या ॲपवर पांढरी सहा लावा, स्वर गळ्यातून काढा आणि मगच तार छेडा. मग करंगळी आठव्या फ्रेटवरून नवव्यावर सरकवा. शुद्ध ग. परत आठव्यावर या. मायनरची उदासी मुख्यतः या एका फ्रेटच्या अंतरात आहे. दहा वेळा पुढे-मागे करा आणि दर वेळी थांबून ऐका.

आता बेसवाल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. गिटारवाला सी-ई-जी हा सी मेजर कॉर्ड वाजवतोय. तुम्ही खाली सी धरलात, तर सगळं लख्ख उजळ वाटतं. त्यानं बोटंही न हलवता तुम्ही खाली ए धरा. तोच कॉर्ड ए मायनर सेव्हन होतो, आणि खोलीतला रंग पालटतो. सी मेजर आणि ए मायनर यांचे सातही स्वर तेच, फक्त सा वेगळा. आपल्याकडे ही मूर्च्छनेची गोष्ट आहे : बिलावलच्या धैवताला सा मानलं की आसावरी थाट उभा राहतो. कानाला आधार खालच्या स्वराचा लागतो, आणि तो स्वर तुमच्या हातात आहे. ही जबाबदारी मला या वाद्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

सात स्वर आले म्हणून सातही वाजवायला हवेत असं नाही. ‘क्वीन’ बँडचं १९८० सालचं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ ऐका. गाणं लिहिलं बेसवादक जॉन डीकननं. त्याची ती प्रसिद्ध ओळ ई मायनरमधल्या ई, जी, ए या तीन स्वरांवर उभी आहे. सा, कोमल ग, म. मधल्या रिकाम्या जागाही त्यानं स्वरांइतक्याच जपून ठेवल्या आहेत.

या आठवड्यात मेट्रोनोम ६० वर ठेवा, एका ठोक्याला एक स्वर. आरोह, अवरोह, स्वरांची नावं मोठ्यानं घेत. पाच दिवस ए, मग दोन दिवस जी. पुढच्या भागात नुसता नी शुद्ध करू. त्याला तिकडे हार्मोनिक मायनर म्हणतात, आपल्याकडे कीरवाणी. तिसऱ्या तारेवर तर्जनीची जागा मधलं बोट घेईल, सहाव्या फ्रेटवर.