कच्च्या कैद्याचे रक्त कोण तपासणार?

पुणे-नगर रस्त्यावरचे, पारनेर तालुक्यातले सुपा हे गाव आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. बाहेरच्या जिल्ह्यांतून आणि उत्तरेकडून आलेली पोरे इथे ठेकेदाराच्या हाताखाली राबतात, एका खोलीत पाच-सहाजण झोपतात. जिथे वस्ती वाढते तिथे भांडणे वाढतात, चोऱ्या वाढतात, आणि चोरी झाली की संशयाची सुई आधी कोणत्या पालाकडे वळते हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला. तो मनातून रद्द व्हायचा आहे.

इथे अटक झालेल्या माणसाची वाट ठरलेली असते. पोलीस कोठडी, पारनेरचे न्यायालय, मग उपकारागृह किंवा नगरचे जिल्हा कारागृह, आणि शिक्षा मोठी असेल तर येरवडा. या वाटेवर त्याचे ‘मेडिकल’ होते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये सांगितले की कोठडीतल्या माणसाची दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. हा निकाल आपल्या माणसांसाठी फार मोलाचा आहे, कारण कोठडीतल्या माराचा तो एकमेव कागदी साक्षीदार ठरतो. पण त्या कागदावर वळ आणि जखमा यांना जागा असते. आत यकृत सडत चालले असेल तर त्याला त्या कागदावर रकाना नाही.

आम्ही बोलतो आहोत ते हिपॅटायटिस सी या रोगाविषयी. आपल्याकडे कावीळ म्हटले की लोक गळ्यात माळ घालणाऱ्याकडे किंवा ‘कावीळ उतरवणाऱ्या’कडे जातात. हातावर चुना चोळला, पाणी पिवळे झाले, कावीळ उतरली! हा खेळ इथे चालूच शकत नाही, कारण या रोगात बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. विषाणू रक्तात शिरतो आणि वीस-तीस वर्षे गप्प बसून यकृत पोखरतो. कळते तेव्हा पोटात पाणी झालेले असते किंवा कर्करोग झालेला असतो. १९८९ मध्ये हा विषाणू सापडला. त्या कामासाठी ऑल्टर, हॉटन आणि राइस या तिघांना २०२० चे नोबेल मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हा आजार आहे. त्यातल्या बहुतेकांना तो माहीत नाही.

तो पसरतो रक्तातून. न उकळलेली सुई, एकाच सिरिंजने घेतलेली नशा, एकच ब्लेड फिरवलेल्या दाढ्या, जत्रेत एकाच सुईने गोंदलेले वीस हात. आता तुरुंग डोळ्यांपुढे आणा. ब्लेड मोजून मिळते म्हणून ते हातोहात फिरते. गोंदणे चोरून चालते, तेव्हा सुई कसली आणि निर्जंतुक कसली? मारामारीत रक्त सांडते. नशेची सुई आत पोचली तर ती एकाची राहत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के माणसे कोंबलेली होती. एकूण ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे असे लोक. त्यांत अनुसूचित जातींचे सुमारे एक पंचमांश. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा मात्र १६.६ टक्के. तेव्हा तुरुंगातला रोग हा ‘गुन्हेगारांचा रोग’ नव्हे. ज्याला जामीनदार मिळत नाही, ज्याच्याकडे सातबारा नाही, त्याचा तो रोग आहे.

याला औषध नसते तर आम्ही हे इतक्या आग्रहाने लिहिले नसते. हिपॅटायटिस सी पूर्ण बरा होतो. सोफोसबुविर हे औषध २०१३ मध्ये अमेरिकेत आले तेव्हा एका गोळीची किंमत हजार डॉलर होती. पुढे भारतीय कंपन्यांनी तेच औषध त्या किमतीच्या अगदी लहानशा अंशात बनवले. आज सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर यांच्या गोळ्या १२ आठवडे घेतल्या की शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास रोगी मुक्त होतात. केंद्र सरकारने २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात तपासणीही मोफत, औषधही मोफत. पंजाबने तर २०१६ पासूनच मोफत उपचार चालू केले होते. म्हणजे पैसा आहे, गोळी आहे. माणूसही कुठे पळून जात नाही, तो बराकीतच आहे! मग अडते कुठे?

२०२३ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने देशभरच्या तुरुंगांत गुप्तरोग, एचआयव्ही, क्षय आणि हिपॅटायटिस यांची एकत्र तपासणी मोहीम काढली. चांगले झाले. पण मोहीम महिन्याभराची असते आणि तुरुंगाचे दार रोज उघडते. आज तपासलेली बराक तीन महिन्यांनी वेगळ्याच माणसांनी भरलेली असते. म्हणून तपासणी दाखल होतानाच व्हावी, आणि उपकारागृहातही व्हावी. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या चार तुरुंगांत कैद्यांना मोठ्या प्रमाणावर उपचार देऊन पाहिले, तेव्हा आतली नवी लागण जवळपास निम्म्यावर आली. एकाला बरे करणे म्हणजे त्याच्या शेजारच्याला वाचवणे, हे तिथे मोजून दिसले.

कायद्याबद्दल संदिग्धता नाही. कैद्याचे स्वातंत्र्य जाते, अनुच्छेद २१ जात नाही. सुनील बत्रा खटल्यापासून, १९७८ पासून, न्यायालय हेच सांगत आले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला चोविसावा नियम म्हणतो की बाहेरच्या समाजाला मिळते त्याच दर्जाची आरोग्यसेवा कैद्याला मिळाली पाहिजे. सुप्यातल्या कामगाराला सरकारी दवाखान्यात जी गोळी फुकट मिळू शकते ती आतल्या कामगाराला का नको, याचे उत्तर शासनाने द्यायचे आहे.

पण तपासणी मागताना आपण डोळे उघडे ठेवले पाहिजेत. संमतीशिवाय रक्त काढायचे, निकाल वॉर्डरच्या तोंडी सोडायचा आणि मग त्या माणसाचे ताट वेगळे, पाण्याचा मग वेगळा करायचा, अशी तपासणी आम्हाला नको. हा विषाणू एका ताटात जेवल्याने, पाणी प्यायल्याने, शिवल्याने पसरत नाही. शिवाशिवीचे शास्त्र किती खोटे असते हे आपल्याइतके कुणाला ठाऊक आहे? सुकन्या शांता खटल्यात ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. जातीचा रकाना काढून तिथे रोगाचा शिक्का मारला तर संडास साफ करायला पुन्हा तोच माणूस जाईल. आणखी एक गोष्ट. पहिल्या तपासणीत फक्त प्रतिपिंडे दिसतात. काहींचे शरीर विषाणू आपोआप हुसकावते, तरी त्यांची ही चाचणी होकारार्थी येते. दुसरी, विषाणू मोजणारी चाचणी झाल्याखेरीज कुणाला रोगी म्हणू नये.

उपचारातही मेख आहे. तुरुंगात क्षयाचे रोगी पुष्कळ. क्षयाचे रिफॅम्पिसिन हे औषध आणि या गोळ्या एकत्र चालत नाहीत. हिपॅटायटिस बी असेल तर या उपचाराने तो उसळू शकतो. म्हणजे नुसता कंपाउंडर पुरणार नाही, डॉक्टर लागेल, आणि तुरुंगाच्या दवाखान्याचा जिल्हा रुग्णालयाशी रोजचा संबंध लागेल.

कच्च्या कैद्याचा प्रश्न याहून अवघड. बारा आठवड्यांच्या मध्येच त्याला जामीन होतो किंवा त्याची दुसऱ्या तुरुंगात बदली होते. जामिनाच्या आनंदात गोळ्या आत राहतात. इथे आपल्या वकिलांना आणि कार्यकर्त्यांना काम आहे. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो. त्या वकिलाने जामीन अर्जाबरोबर आणखी एक साधा अर्ज द्यावा: आरोपीची संमती आहे, त्याची हिपॅटायटिस बी, सी, एचआयव्ही आणि क्षय तपासणी व्हावी, निकाल गोपनीय राहावा, आणि सुटकेच्या दिवशी उरलेल्या गोळ्या व उपचाराचे कार्ड त्याच्या हाती द्यावे. कार्ड हाती आले की तो नगरला, बीडला किंवा आपल्या गावच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन पुढच्या गोळ्या मागू शकतो. अर्जाला तिकीट लागत नाही, अर्ध्या पानात मावतो. पारनेर आणि नगरच्या न्यायालयांत काम करणाऱ्या आपल्या मित्रांनी येत्या रिमांडच्या तारखेपासूनच तो द्यायला सुरुवात करावी, आणि नामंजूर झाला तर नामंजुरीची प्रत जपून ठेवावी. उच्च न्यायालयात तीच लागणार आहे.