डायरी भरते, पण स्वतःची ओळख पटते का?

‘मी रोज डायरी लिहिते, स्वतःबद्दल खूप विचार करते, म्हणजे माझं आत्मपरीक्षण चांगलं आहे.’ मानसोपचार शिकणाऱ्यांमध्ये ही समजूत घट्ट रुजली आहे आणि शिकवणारेही तिला खतपाणी घालतात. वर्षाच्या सुरुवातीला एक प्रश्नावली भरून घ्यायची, शेवटी पुन्हा तीच द्यायची आणि गुण वाढले की प्रशिक्षणार्थी स्वतःला ओळखू लागला असं ठरवून मोकळं व्हायचं. हे चूक आहे, आणि चूक कुठे आहे ते प्रश्नावली करणाऱ्यांनीच दाखवून दिलं आहे.

ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रँट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००२ साली अशीच २० विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात दोन वेगळे भाग आहेत. १२ विधानं आत्मचिंतनाची: माणूस स्वतःच्या विचार-भावनांकडे किती वळतो? उरलेली ८ अंतर्दृष्टीची: त्या भावना त्याला कितपत स्पष्ट कळतात? नियमित डायरी लिहिणाऱ्यांना आत्मचिंतनात जास्त गुण मिळाले, अंतर्दृष्टीत मात्र डायरी न लिहिणाऱ्यांपेक्षा कमी. शिवाय आत्मचिंतनाचे गुण जास्त, तिथे चिंता आणि ताणही जास्त दिसला. अंतर्दृष्टीचं नातं याच्या उलट होतं.

डायरी वाईट, असा याचा अर्थ नाही. मन गोंधळलेलं असतं तेव्हाच माणूस वही उघडतो, असंही असेल. पण दोन्ही भागांची बेरीज करून ‘आत्मभान’ म्हणून एकच आकडा सांगणं कोणत्याही हिशेबात बसत नाही.

‘स्वतःबद्दल विचार’ या शब्दांतही गल्लत आहे. ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्येच रवंथ आणि चिंतन वेगळं काढलं. ‘त्या सत्रात मी असं का बोलले?’ हा प्रश्न भीतीपोटी रात्रभर घोळवला तर तो रवंथ. कुतूहलाने, एकदा नीट विचारला तर चिंतन. किती वेळ विचार केला यावरून त्यातलं काय घडलं ते कळत नाही.

आणखी मोठी अडचण म्हणजे उत्तरं देणारा आणि ज्याची परीक्षा चालली आहे तो, एकच माणूस असतो. स्वतःचा आंधळा कोपरा ज्याला दिसत नाही, तो प्रश्नावलीत कसा नोंदवणार? वॉल्फिश आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये १२९ मानसोपचार व्यावसायिकांना समव्यावसायिकांच्या तुलनेत स्वतःचं कौशल्य जोखायला सांगितलं. एक चतुर्थांश जणांनी स्वतःला वरच्या दहा टक्क्यांत बसवलं. सरासरीखाली स्वतःला कोणीच ठेवलं नाही. २००५ च्या हॅनन यांच्या अभ्यासात उपचारकांनी ५५० क्लायंटपैकी फक्त तिघांची प्रकृती बिघडेल असं भाकीत केलं. बिघडली ४० जणांची, आणि त्या तिघांपैकी एकच अंदाज खरा ठरला. हे आकडे क्लायंटच्या खुर्चीत बसलेल्या माणसांचे आहेत, म्हणून ही चूक किरकोळ मानता येत नाही.

म्हणून प्रशिक्षणार्थीच्या शब्दांशेजारी दुसरा पुरावा ठेवावा लागतो. क्लायंटच्या संमतीने केलेलं सत्राचं रेकॉर्डिंग सुपरव्हायजरबरोबर ऐकायचं, क्लायंटने प्रत्येक भेटीत भरलेला छोटा फॉर्म पाहायचा. ‘मी शांतपणे ऐकून घेतलं’ अशी नोंद असेल आणि रेकॉर्डिंगमध्ये क्लायंटचं बोलणं चारदा तोडलेलं ऐकू येत असेल, तर आत्मपरीक्षण किती खोल गेलं ते तिथे कळतं. प्रश्नावली सोबत असावी, पण तिच्या दोन भागांचे गुण वेगवेगळे मांडून.

आणखी दोन गैरसमज थोडक्यात.

‘अनुभवाने हे आपोआप येतं.’ गोल्डबर्ग यांच्या २०१६ च्या अभ्यासात १७० उपचारकांचे निकाल वर्षं सरली तसे सरासरीने किंचित घसरले होते.

‘स्वतःवर शंका घेणारा उपचारक कच्चा असतो.’ नॉर्वेत निसेन-ली यांनी ७० उपचारकांचे निकाल पाहिले. कामाबद्दल शंका बाळगणाऱ्या, पण माणूस म्हणून स्वतःशी मायेने वागणाऱ्या उपचारकांच्या क्लायंटमध्ये जास्त सुधारणा दिसली.