दाखल-खारीज

१ मे १९६२ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि १ मे १९९९ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. आमच्या गुरुजींची नोकरी जवळपास याच दोन तारखांमधली. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या चौथीपर्यंतच्या दोनशिक्षकी शाळांत त्यांची हयात गेली. गावात त्यांच्या पाढ्यांबद्दल, छडीबद्दल अजून बोलतात. मला मात्र सगळ्यात मोठं वाटतं ते त्यांचं दाखल-खारीज रजिस्टर, शाळेत मुलांची नावं घालण्या-काढण्याची वही.

विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात आणि पाठोपाठ धानाची रोवणी लागते. मोठ्या मुली पऱ्हे उपटायला, लहान मुली भावंडं सांभाळायला. गुरुजी धुऱ्याधुऱ्यावरून फिरून नावं घालायचे. जन्मतारीख विचारली की आई सांगायची, ‘रोवण्यातला आहे’, ‘मंडईच्या आठवड्यातला आहे’. अशा वेळी एखादी ठरावीक तारीख टाकून मोकळं होण्याची रीत सगळीकडेच होती. गुरुजी ती टाळत. मंडईची जत्रा दिवाळीनंतरची, दिवाळी त्या वर्षी कधी होती, शेजारचं पोर आधीचं की नंतरचं, असं विचारत विचारत ते तारखेच्या जवळ जात. एका मुलाला अर्धा तास लागला तरी चालेल म्हणत.

जातीच्या रकान्यातही आईबापांनी सांगितलं तेच अक्षर, पूर्ण, सुटं. गोंड, हलबी, पोवार, कुणबी, गोवारी. या काळजीची किंमत आम्हाला फार उशिरा कळली. जात पडताळणीत इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांपूर्वीच्या नोंदींना मोठं वजन असतं. आजोबांच्या नावापुढचा एक शब्द नातवाचा प्रवेश ठरवतो. गुरुजींच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या नोंदी यांतल्या १९६७च्या तारखेच्या आधी बसतात. त्याहून जुनी रजिस्टरं त्यांच्या आधीच्या शिक्षकांची. कवेलू गळायला लागले की गुरुजी ती पेटीत घालून घरी न्यायचे. वाळवी लागू नये म्हणून पानांत कडुलिंबाचा पाला ठेवायचे.

२३ नोव्हेंबर १९९४ला नागपुरात गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले. त्यांत बाया आणि लेकरंच जास्त. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीतल्या ‘गोंड गोवारी’ या नोंदीत आपण येतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढे २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं नाही. कागदावरचा शब्द किती जड असतो, हे आमच्या झाडीपट्टीला असं कळलं. गुरुजींना ते आधीच ठाऊक होतं, असं मला वाटतं. निवृत्तीनंतरही लोक दाखल्याची झेरॉक्स घेऊन त्यांच्या ओसरीवर येत, आणि कोणत्या साली कोण मुख्याध्यापक होते, हे अक्षर कोणाचं, ते गुरुजी सांगत.

आता गुरुजी नाहीत. त्यांची एक गोष्ट सांगायची राहते. ‘खारीज’च्या रकान्यात ते मुलींची नावं सहसा जाऊ देत नसत. महिना महिना गैरहजर राहिलेल्या मुलीचं नाव पटावर तसंच राही, रोवणी संपली की ते घरी जाऊन तिला घेऊन येत, आणि मोहफुलांच्या दिवसांत पुन्हा एकदा जात. माझ्या वर्गातल्या दोघी अशाच चौथी झाल्या. त्यांतली एक पुढे सातवी करून अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली.