थांबणं विसरलेली पेशी

मी खारघरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संस्था जवळच आहे, त्यामुळे मुलं विचारतात, “मॅडम, कॅन्सर होतो म्हणजे नेमकं काय होतं?”

दुभंगण्याआधी पेशी आपल्या डीएनएची नक्कल करते. नकलेत चूक झाली, तर पी५३ सारखी जनुकं तिला थांबवतात, दुरुस्तीला अवधी देतात. दुरुस्ती जमलीच नाही, तर पेशीला मरायला लावतात. ही पहारेकरी जनुकंच बिघडली की पेशी वाढतच राहते. एक बिघाड सहसा पुरत नाही. ते वर्षानुवर्षं साठतात, म्हणून बरेचसे कर्करोग उतारवयात दिसतात.

तंबाखू मात्र हा साठा भराभर वाढवते. शाळेबाहेर गुटख्याच्या रिकाम्या पुड्या दिसल्या की माझा जीव तुटतो.

अ‍ॅक्ट्रेकचं मूळ परळच्या, १९५२ साली स्थापन झालेल्या संशोधन केंद्रात. डॉ. वसंत खानोलकर तिथले पहिले संचालक. तिथंच पुण्याच्या कमल रणदिवे यांनी ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. मुलींना मी हे आवर्जून सांगते.

आणि सगळ्यांना हेही सांगते: घरात कुणाच्या गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तोंड पुरतं उघडत नसेल, तर दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.