उडत्या पिसवेच्या चार तारा

विकत घेतल्याच्या तिसऱ्याच दिवशी मी युकुलेले परत करायला दुकानात गेलो. भाचीच्या वाढदिवसाला घेतलं होतं. आठवीतल्या मुलीला गिटार जड होईल, शिवाय हल्ली सगळे हेच घेतात, असं घरातल्या तज्ज्ञांचं मत पडलं होतं. आणि आता तिचा तक्रारीचा सूर होता, "मामा, हे बेसूर आहे." मोबाइलवरच्या ट्यूनरचा काटा हिरव्यावर येईपर्यंत खुंट्या पिळायच्या, एक गाणं वाजवायचं, की दुसऱ्या गाण्याला चारही तारा उतरलेल्या. काउंटरमागच्या काकांनी माझं ऐकून घेतलं, एकेक तार बोटात धरून हलकेच वर ओढली, पुन्हा सूर लावला आणि वाद्य माझ्याच हातात दिलं. "आठवडाभर वाजवा, मग बोलू," म्हणाले आणि हसले. मला ते हसणं तेव्हा आवडलं नव्हतं.

निघताना मागच्या भिंतीकडे लक्ष गेलं. पूर्वी या भिंतीवर नुसत्या गिटारी असायच्या. आता खालची अख्खी रांग युकुलेलेंची होती, त्यातली काही चक्क पोपटी आणि गुलाबी. खेळणी मांडावीत तशी मांडलेली. या वाद्याचं भाग्य आणि दुर्दैव दोन्ही त्या रांगेत होतं, हे पुढे त्याचा इतिहास वाचताना कळलं.

आधी नावाचं बघू. हवाईचे लोक 'ऊकुलेले' असा उच्चार करतात; 'यु' ही इंग्रजी जिभेची देणगी. 'उकु' म्हणजे पिसू, किंवा केसातली ऊसुद्धा. मराठी माणसाला हा शब्द पाठ करायला वेगळे कष्ट नकोत. 'लेले' म्हणजे उडी मारणं. तारांवरून भराभर फिरणारी बोटं पाहून हवाईच्या लोकांनी या वाद्याला 'उडती पिसू' म्हटलं, ही सर्वांत लोकप्रिय व्युत्पत्ती. दुसरी एक अशी की राजदरबारातला एडवर्ड पर्व्हिस नावाचा बुटका, चळवळ्या इंग्रज हे वाद्य छान वाजवायचा, त्याचंच ते टोपणनाव. राणी लिलिउओकलानी यांना मात्र पिसू पसंत नव्हती. 'उकु'चा भेट हा अर्थ धरून त्यांनी 'इथवर आलेली भेट' असा उलगडा केला. भाषाशास्त्र कुणाच्या बाजूने आहे ते असो, इतिहास राणीच्या बाजूने आहे. कारण वाद्य खरंच बाहेरून आलं होतं.

23 ऑगस्ट 1879 रोजी 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज होनोलुलूच्या बंदराला लागलं. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून निघून, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून, चार महिन्यांचा प्रवास करून आलेलं. आत चारशेहून जास्त माणसं होती, उसाच्या मळ्यांवर करारावर राबायला आणलेली. मदेरात द्राक्षमळे रोगाने बसले होते आणि हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागल्यामुळे इथे मजूर कमी पडत होते. असं सांगतात, की किनाऱ्यावर पाऊल ठेवताच जुआंव फर्नांडिस नावाच्या तरुणाने दुसऱ्या कुणाचं तरी वाद्य मागून घेतलं आणि सुखरूप पोचल्याच्या आनंदात तिथेच वाजवत गायला सुरुवात केली. ते वाद्य होतं 'मशेत', मदेराची चार तारांची चिमुकली गिटार. दोन आठवड्यांच्या आत तिथल्या वर्तमानपत्रात या बेटकऱ्यांच्या रस्त्यावरच्या रात्रीच्या मैफलींची बातमी छापून आली.

त्याच जहाजात मानुएल नुनेस, ऑगुस्तो दिआस आणि जुझे दो इस्पिरितु सांतु हे तीन सुतार होते. मळ्यावरचा करार संपला तसे ते होनोलुलूत आले, लाकूडकामाची दुकानं घातली आणि वाद्यंही बनवू लागले. आकार मशेतचा ठेवला, पण तारा लावण्याची रीत मदेराच्याच 'रजांव' या पाच तारी वाद्याची घेतली. लाकूड मात्र स्थानिक 'कोआ'चं, ज्याच्या होड्या व्हायच्या. मळ्यावरच्या परप्रांतीय मजुरांचं वाद्य एवढ्यावर राहिलं असतं तर मजुरांच्या वस्तीतच मेलं असतं. ते राजवाड्यात गेलं. राजा कालाकौआ हौशी होता, स्वतः वाजवायचा. मिशनऱ्यांनी असभ्य ठरवलेल्या हुला नृत्याला त्याने पुन्हा दरबारात आणलं आणि 1886 साली त्याच्या पन्नाशीच्या सोहळ्यात हुलाच्या साथीला युकुलेले वाजलं. आगमनानंतर अवघ्या सात वर्षांत पाहुणं वाद्य घरचं झालं. आपल्याकडे फ्रान्समधली पेटी संगीत नाटकात शिरून अस्सल मराठी झाली, त्याचीच ही बहीण. फक्त पेटीला आकाशवाणीने पुढे कित्येक वर्षं दाराबाहेर उभं केलं, तसं युकुलेलेच्या नशिबी तिथे आलं नाही.

नशिबी जे यायचं होतं ते राज्याच्या आलं. 1893 मध्ये साखरवाल्यांच्या गटाने राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं, 1898 मध्ये अमेरिकेने बेटं ताब्यात घेतली. आणि मग 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा कालव्याचा उत्सव म्हणून भरलेल्या प्रदर्शनात हवाईच्या दालनात युकुलेले वाजू लागलं. प्रदर्शनाला पावणेदोन कोटींहून अधिक माणसं आली. अमेरिका वेडी झाली. न्यूयॉर्कच्या गीतकारांनी हवाई न पाहता हवाईची गाणी पाडली, त्यात हवाईयन म्हणून जे शब्द घातले ते बहुतेक अर्थहीन अक्षरं. राज्य गेलेल्या लोकांचं वाद्य जिंकणाऱ्यांच्या दिवाणखान्यात करमणूक करत होतं. पोपटी-गुलाबी रांगेचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

आता जरा वाद्याच्या आत डोकावू, कारण गिटारीचं पिल्लू समजून युकुलेले घेणाऱ्याची तिथेच फसगत होते. मार्टिन या नामांकित गिटार कंपनीचीही झाली होती. 1907 च्या सुमारास त्यांनी गिटारीच्याच पद्धतीने, आतून भरपूर आधारपट्ट्या देऊन युकुलेले बनवून पाहिली आणि ती चालली नाहीत. पातळ, मोकळ्या पोटाची केली तेव्हा खपली.

युकुलेलेच्या चार तारा वरून खाली जी, सी, ई, ए अशा लावतात. 'सी'ला सा मानलं तर त्या होतात प, सा, ग, ध. रे सोडला तर अख्खा भूप मोकळ्या तारांतच. हा रेही फार लांब नाही, सा च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर आहे. पण गंमत पहिल्या प मध्ये आहे. गिटारवर सर्वांत वरची तार सर्वांत खर्जाची असते आणि खाली येत जावं तसा सूर चढत जातो. इथे वरची प ची तार मंद्रातली नाही, सा आणि ग या दोन्हींपेक्षा ती उंच लागते. म्हणजे हात वरून खाली फिरवला की सूर आधी उंचावर, मग झपकन खाली, मग पुन्हा वर असा जातो. खर्ज नाहीच. चारही सूर एका सप्तकाच्या आत दाटीवाटीने बसलेले, म्हणून तो किणकिणता, हसरा आवाज. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. तंबोऱ्यातही तारा चढत्या क्रमाने नसतात, जोडाच्या दोन षड्जांनंतर शेवटी खर्ज येतोच की. इंग्रजी शिकवणारे हे चार सूर लक्षात राहावेत म्हणून कुत्र्याला पिसवा झाल्याचं चार शब्दांचं वाक्य त्यावर गाऊन दाखवतात. पिसू काही या वाद्याची पाठ सोडत नाही.

वाजवायला सोपं म्हणतात ते का, तेही याच तारांवरून कळतं. ध च्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर एक बोट ठेवा: ध चा वरचा सा झाला, मोकळ्या तारा प, सा, ग, आणि तुमची 'सी' कॉर्ड तयार. एका बोटात. ते बोट उचला आणि प च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर ठेवा, 'ए मायनर'. पुन्हा एकच बोट. 'एफ'ला दोन, 'जी सेव्हन'ला तीन. एवढ्या चार कॉर्डवर साध्या चालींची ढीगभर गाणी निघतात. गिटारवर हीच 'एफ' धरायची तर पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबावं लागतं आणि कित्येकांची गिटार त्या एका कॉर्डपाशी कपाटावर जाऊन बसते. शिवाय तारा नायलॉनच्या. लांबी सोप्रानो या सर्वांत लहान प्रकारात जेमतेम साडेतेरा इंच, गिटारच्या साधारण निम्मी. त्यामुळे ताण कमी, बोटांच्या टोकांना फोड येत नाहीत. भाचीने पहिल्या संध्याकाळी दोन कॉर्डवर शाळेतलं एक गाणं म्हटलं. मला पेटीवर सरगम नीट वाजायला दोन महिने लागले होते, ते आठवून किंचित जळफळाटही झाला.

ही सोय शंभर वर्षांपासूनच होती. मग लोकप्रियता अशी भरती-ओहोटीसारखी का येते? माझा हिशेब असा की वाद्य तेच राहतं, शिकवणारा बदलतो. 1920 च्या दशकात गाण्यांच्या छापील पत्रिकांवर शब्दांच्या डोक्यावर चार रेघांची जाळी आणि त्यावर बोटांचे ठिपके छापू लागले. मे सिंगी ब्रीन या वादिकेने ही पद्धत रुजवायला फार खटपट केली. नोटेशन न येणाऱ्याला ठिपके कळतात, एवढीच युक्ती. मग मंदी आली, बडे वाद्यवृंद आले आणि युकुलेले मागे पडलं. 1950 च्या सुमारास आर्थर गॉडफ्रे या लोकप्रिय सूत्रसंचालकाने टीव्हीवरून धडे दिले आणि मारिओ माकाफेरीने काढलेली प्लॅस्टिकची युकुलेले लाखांनी खपली. मग रॉक आलं, विजेची गिटार आली, पुन्हा ओहोटी. 1968 मध्ये टायनी टिम किनऱ्या आवाजात गात युकुलेले घेऊन आला, तेव्हा तर ते विनोदी साहित्यातच जमा झालं. मधल्या काळात कॅनडात हॅलिफॅक्सच्या चाल्मर्स डोन यांनी शाळाशाळांतून वर्गच्या वर्ग युकुलेलेवर स्वरज्ञान शिकवलं. बातमी होत नाही अशी ही कामं, पण टिकाऊ.

आताची लाट दोन माणसांनी उठवली असं म्हणायला हरकत नाही. पहिला इझ्रायल कामाकाविवोओले, हवाईचा अतिविशाल देहाचा आणि त्याहून हळव्या गळ्याचा गायक. 1988 मध्ये पहाटे तीनच्या सुमारास त्याने स्टुडिओ उघडायला लावला, खुर्चीत बसला आणि 'ओव्हर द रेनबो' एका दमात म्हणून गेला. साथीला स्वतःचं युकुलेले, दुसरं काही नाही. 1993 च्या 'फेसिंग फ्यूचर' या संग्रहात ते आलं. 1997 मध्ये वयाच्या 38 व्या वर्षी तो गेला, त्याचं पार्थिव कोआच्या पेटीत होनोलुलूच्या विधान भवनात ठेवण्यात आलं. पुढे चित्रपट आणि जाहिरातींतून ते गाणं जगभर गेलं. दुसरा जेक शिमाबुकुरो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका दगडावर बसून त्याने वाजवलेली जॉर्ज हॅरिसनची रचना 2006 मध्ये यूट्यूबवर आली, तेव्हा यूट्यूब वर्षभराचं बाळ होतं. ती चित्रफीत ऐका. हे खेळणं असल्याचं जे काही डोक्यात असेल ते चार मिनिटांत उतरतं. ठिपक्यांच्या जागी आता व्हिडिओ आला होता, आणि समोरच्याचं बोट कुठे आहे ते थांबवून, मागे नेऊन पाहता येऊ लागलं. टाळेबंदीत आपल्याकडच्या कित्येक घरांत युकुलेले शिरलं ते याच वाटेने.

खरं तर हवाई आपल्याकडे याआधीही येऊन गेली होती. ताउ मो हे हवाईयन वादक 1940 च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यात राहिले. व्हॅन शिपली यांनी हवाईयन गिटार मुंबईच्या चित्रपटगीतांत घराघरांत नेली, आणि गावोगावच्या ऑर्केस्ट्रात मांडीवर आडवी गिटार घेतलेला एक वादक असायचाच. तेव्हा गिटार रुजली आणि युकुलेले नाही, याला कारण आपला कान. त्या गिटारवर सळई सरकवली की मींड निघते, सूर लांबतो, गळ्यासारखा वळतो. युकुलेलेचा सूर उमटला न उमटला की विझतो. मींड नाही, आंदोलन नाही. त्यावर यमनची आलापी करू पाहणाऱ्यांच्या चित्रफिती मी पाहिल्या आहेत आणि त्यांच्या कष्टाला नमस्कार करून बंद केल्या आहेत. हे साथीचं वाद्य आहे. बडबडगीत, भावगीत, कोकणी-गोव्याकडची कांतारं याला शोभतात, बंदिश नाही. गाणारा स्वतःच गात असेल आणि लय धरायला हाताशी काहीतरी हवं असेल, तर याच्याइतकं सोयीचं काही नाही. एवढं मान्य केलं की त्याच्याकडून निराशा होत नाही.

होनोलुलूत सॅम्युअल कामाकांनी 1916 मध्ये सुरू केलेला कारखाना आजही त्यांच्या घराण्याकडेच आहे. अननसाच्या आकाराचं युकुलेले त्यांचंच. या कारखान्याने अनेक कर्णबधिर कारागिरांना कामावर घेतलं होतं. लाकडाची फळी पुरेशी पातळ झाली की नाही हे ते बोटांना जाणवणाऱ्या कंपनांवरून ओळखत.

तर घेणाऱ्यांसाठी थोडं. मोठ्या माणसाने सोप्रानोच्या नादी लागू नये, बोटं एकमेकांवर चढतात. त्याहून एक माप मोठं, 23 इंची कॉन्सर्ट घ्यावं. रंग पाहून घेऊ नये. बाराव्या पडद्यावर तार दाबून वाजवावी आणि मोकळ्या तारेशी ताडून पाहावी, तोच सूर वरच्या सप्तकात मिळाला नाही तर ते वाद्य भिंतीवरच राहू द्यावं. आणि दुकानातले काका का हसले तेही सांगून टाकतो. नायलॉनच्या नव्या तारा पहिले सात-आठ दिवस ताणत राहतात, म्हणून दर दहा मिनिटांनी सूर उतरतो. वाद्य बिघडलेलं नसतं. परत करायला जाऊ नका.