पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर खांदा का दुखतो?

"टाके पोटाला आणि दुखतोय खांदा, हे कसं काय हो सिस्टर?"

मिरजेजवळच्या एका वस्तीत, विहारातली वंदना आटोपल्यावर एका ताईंनी आम्हाला हा प्रश्न विचारला. पित्ताशयात खडे झाले म्हणून त्यांचे दुर्बिणीतून ऑपरेशन झाले होते. दुसऱ्या दिवशी घरी सोडले. त्याच रात्री उजवा खांदा असा ठणकायला लागला की श्वास घेतला तरी कळ यायची. घरात प्रत्येकाचे मत वेगळे. कुणी म्हणाले टेबलावर हात पिरगळला असणार, कुणी म्हणाले नस दबली. सासूबाईंनी तेल लावून खांदा चोळला, ओवा-हिंग दिला. शेजारच्यांनी सुई टोचणारा माणूस बोलावला, त्याने पैसे घेऊन कसले तरी इंजेक्शन दिले. ताई दोन रात्री झोपल्या नाहीत, आणि त्या जास्त जागल्या भीतीने. तिसऱ्या दिवशी दुखणे आपोआप ओसरले. श्रेय अर्थातच इंजेक्शनला गेले.

सुट्टी देताना कुणीतरी दोन मिनिटे बसून सांगितले असते, तर हे सगळे टळले असते. दोष दुसऱ्यावर ढकलून आम्ही मोकळे होत नाही. वॉर्डात ड्युटी करताना आम्हीसुद्धा "गॅसचं आहे, जाईल" एवढेच बोलून पुढच्या खाटेकडे गेलो आहोत. म्हणून सातारा-सांगलीच्या वस्त्यांमध्ये बैठका घेताना हा विषय आता आम्ही मुद्दाम काढतो. कमीजास्त प्रमाणात हे दुखणे पुष्कळांना होते, तिघींतल्या एकीला तरी होतेच म्हणा.

"गॅसचं आहे" हे उत्तर खरे आहे, पण अर्धवट. आपण ज्याला गॅस म्हणतो तो आतड्यातला, ढेकर देऊन किंवा खालून सुटणारा. हा गॅस तो नव्हे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडतात. पण पोट मिटलेल्या पिशवीसारखे असते, आत काही दिसत नाही. म्हणून कार्बन डायऑक्साइड वायू भरून पोट फुगवतात. हा वायू पेट घेत नाही, त्यामुळे विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या बंद करताना भडका उडत नाही. शिवाय तो रक्तात लवकर विरघळतो. काम संपले की छिद्रांतून बाहेर सोडतात, तरी थोडा आत राहतोच. तो आतड्यांच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत असतो. त्याला ढेकरेची वाट नाही. तो रक्तात शोषला जातो आणि फुप्फुसांतून उच्छ्वासावाटे जातो. म्हणून ओवा, हिंग, सोडा, गॅसची गोळी यांचा खांद्यावर काही उपयोग होत नाही.

आता खांदाच का? छाती आणि पोट यांच्या मध्ये एक स्नायूचा पडदा आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. पोट फुगवताना हा पडदा ताणला जातो. उरलेला वायू वर चढून त्याच्याखाली साठतो आणि त्याला चुरचुर लावतो. या पडद्याची नस निघते कुठून, तर थेट मानेतून. खांद्याच्या कातडीच्या नसाही मानेच्या त्याच भागात जाऊन मिळतात. एका खांबावरून दोन घरांना तार गेलेली असावी आणि बिघाड कुठल्या घरात आहे ते खांबावर कळू नये, तसे मेंदूचे होते. त्रास पडद्याला, कळ खांद्यात. खांद्याचे हाड, सांधा, स्नायू सगळे धड असतात. चोळून काय होणार?

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये केली, तीही मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात. हे सांगायचे कारण, दुर्बिणीचे ऑपरेशन म्हणजे श्रीमंतांची चैन असा समज वस्त्यांत अजून आहे. उलट ज्या बाईला ऊसतोड, द्राक्षबाग नाहीतर धुणीभांडी लवकर गाठायची आहेत, तिला बरगडीखालच्या वीतभर चिऱ्यापेक्षा ही छिद्रे परवडतात. खांद्याचे दोन-तीन दिवस ही त्याची छोटी किंमत, आणि तीही कमी करता येते.

ती कमी करण्याचा मोठा भाग ऑपरेशन टेबलावरच असतो. वायूचा दाब, बीपी मोजतात त्याच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, साधारण १२ ते १५ ठेवतात. तो शक्य तितका कमी, काहींच्या बाबतीत ८ ते १०, ठेवला तर खांदा कमी दुखतो. पण पित्ताशय सुजलेले असेल, शरीर स्थूल असेल, तर कमी दाबात नीट दिसत नाही. तिथे जिवाची सुरक्षितता आधी, खांदा नंतर. तो निर्णय सर्जनचा. दुसरी गोष्ट, शेवटी वायू नुसता सुटू न देता मुद्दाम काढणे. छिद्रे उघडी ठेवून भूल देणारे डॉक्टर नळीतून फुप्फुसे चार-पाच वेळा मोठी फुगवतात. पडदा खाली दाबला जातो आणि अडकलेला वायू बाहेर पडतो. याला खर्च नाही, वेळ मिनिटभराचा.

हे आपण डॉक्टरांना विचारायचे? हो, विचारायचे. संमतीपत्रावर सही किंवा अंगठा करण्याआधी सर्जन किंवा भूलतज्ज्ञ भेटतील तेव्हा म्हणा, "डॉक्टर, नंतर खांदा दुखतो असं ऐकलंय. वायूचा दाब कमी ठेवता येईल का? शेवटी वायू पूर्ण काढाल ना?" यात उर्मटपणा नाही. पोट आपले आहे, सही आपली आहे. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का, हे त्याच फेरीत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

घरी आल्यावर वेदनेची गोळी चिठ्ठीत लिहिलेल्या वेळेवर घ्या. कळ असह्य होईपर्यंत थांबलात तर गोळीलाही ती आवरत नाही. मेडिकलमधून वरची "पेनकिलर" मात्र आणू नका. तिच्यातही बहुतेकदा पॅरासिटामॉल असते, डोस दुप्पट होतो आणि यकृतावर ताण येतो. इतर काही गोळ्या किडनीला आणि जठराला बाधतात. खांद्यावर गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवा, टाक्यांवर नको. उठून बसले की वायू वर चढतो आणि कळ वाढते, पाठीवर सपाट पडले की बऱ्याच जणींना उतार पडतो. म्हणून दुखणे जोरात असताना आडवे व्हा. पण दिवसभर नव्हे. बाळंतिणीसारखे खाटेवर ठेवायची आपल्याकडे माया असते, ती इथे उपयोगाची नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली की, बहुधा त्याच दिवशी, घरातल्या घरात चाला. त्याने श्वास खोल होतो, आतडी हलतात, पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो. पोटावर उशी धरून तासातासाला दहा-बारा खोल श्वास घ्या. पाण्याचा हंडा किती दिवस उचलायचा नाही ते सर्जनला विचारा आणि घरातल्यांच्या देखत विचारा, म्हणजे हंडा कोण उचलणार हेही ठरते.

आता जे आम्हाला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वायूचे दुखणे पहिल्या-दुसऱ्या दिवशी जोरात असते आणि मग रोज थोडे उतरते. क्वचित आठवडाभर रेंगाळते, पण उतरणीवरच असते. ते चढत गेले, किंवा थांबून पुन्हा सुरू झाले, तर गॅस म्हणून घरी थांबू नका. आत पित्त झिरपत असेल किंवा रक्त साचत असेल, तर तेही याच पडद्याला लागते आणि तसाच खांदा दुखतो. ताप, थंडी, पोट ताणून कडक होणे, सारख्या उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद, चक्कर, यातले काहीही सोबत असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात परत जा. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली तरी जा. जाताजाता एक: ऑपरेशन झालेले नाही, पण पाळी चुकली आहे, ओटीपोटात कळ आहे आणि खांदा दुखतो, अशी बाई घरात असेल तर गर्भ नळीत राहून आत रक्तस्राव होत असू शकतो. तिलाही थांबवायचे नाही.

छातीवर दडपण, घाम, दम, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात, हे हृदयाचे लक्षण. 'गॅस झालाय' म्हणून सोडा पिऊन झोपलेली माणसे आम्ही वस्त्यांत पाहिली आहेत. काही सकाळी उठली नाहीत. अशा वेळी १०८ ला फोन करा. डिस्चार्ज कार्ड उशाखाली किंवा दाराजवळ खिळ्याला अडकवून ठेवा, आणि गाडीतल्या डॉक्टरांना पहिले वाक्य हेच सांगा की अमुक तारखेला दुर्बिणीतून पित्ताशयाचे ऑपरेशन झाले आहे.